भविष्याचा अभ्यास : पनवेलच्या निमित्ताने

(पनवेल येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन आहे. व्याख्याते नियोजन आणि भविष्याभ्यास या विषयांचे निवृत्त अध्यापक आहेत.)



या सभागृहात येत असताना एक गृहस्थ माझ्याजवळ आले. बाहेरच्या फलकावर ‘भविष्याचा अभ्यास’ ही अक्षरे त्यांनी वाचली होती. त्यांनी मोठ्या आदराने मला नमस्कार केला आणि आपल्या मुलीची जन्मवेळ सांगावयास आरंभ केला! मी त्यांना थांबवले तेव्हा ते काहीसे हिरमुसले. ‘मग आपण नेमके काय सांगता?’ असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न रास्त आहे. गेली चाळीसहून अधिक वर्षे मी हा विषय शिकलो आणि शिकवला. परंतु माझ्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मी कधी देऊ शकलो नाही. आज ते आपल्यापुढे देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम ज्योतिषाचा विषय संपवून टाकू. पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक साधी चाचणी योजली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक दिव्यांग मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या तयार करण्यात आल्या. त्यांतील चाळीस-चाळीस कुंडल्यांचे संच ज्योतिषांना देऊन, कोणती कुंडली कोणत्या गटातील मुलाची हे ओळखण्यास सांगण्यात आले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण शेकडा ४६ निघाले. नाणे उडवून ठरवले असते तरी शेकडा ५० च्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. हा निष्कर्ष पुष्कळांना ठाऊक आहे. मला मात्र त्यातील पद्धत अधिक मोलाची वाटते. उत्तर आधी लिहून घेतले, नंतर वस्तुस्थितीशी ताडून पाहिले. ही कसोटी ज्योतिषाला लावावी आणि आम्ही मात्र तिच्यातून सुटावे, असे चालणार नाही. भविष्याचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकालाही तीच कसोटी लागू आहे. ती लावली असता आमच्या शास्त्राची प्रकृती कशी दिसते, हेच आज पाहावयाचे आहे, आणि त्यासाठी पनवेलइतके योग्य गाव मला दुसरे सुचत नाही.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९३२ साली बी.बी.सी.वरील एका भाषणात एच. जी. वेल्स यांनी अशी तक्रार केली होती, की जगात इतिहासाचे प्राध्यापक हजारोंनी आहेत, परंतु दूरदृष्टीचा प्राध्यापक एकही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ही उणीव हळूहळू भरून निघू लागली. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये ओलाफ हेल्मर आणि नॉर्मन डाल्की यांनी डेल्फी पद्धती सिद्ध केली. तज्ज्ञांना एकमेकांचे तोंड न पाहता मते लिहावयास लावायची, ती सर्वांना कळवायची, आणि पुन्हा लिहावयास लावायची, असे तिचे स्वरूप आहे. सभेत मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. येथे तो आवाजच काढून घेतलेला असतो. फ्रान्समध्ये गास्ताँ बेर्जे आणि बेर्त्राँ द जूव्हनेल यांनी या विचाराला तात्त्विक बैठक दिली. १९७२ साली क्लब ऑफ रोमचा ‘वाढीच्या मर्यादा’ हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. पुढच्याच वर्षी जागतिक भविष्याभ्यास महासंघ स्थापन झाला. हवाई विद्यापीठात जिम डेटर यांनी या विषयाचे अध्यापन रुजविले. फिनलंडने तर आपल्या संसदेत भविष्यासाठी स्वतंत्र समितीच नेमली.

आपल्याकडेही ही दृष्टी परकी नव्हती. नियोजन आयोगात पीतांबर पंत यांच्या देखरेखीखाली दीर्घकालीन नियोजनाचा विभाग काम करीत होता. देशातील प्रत्येकाला किमान जीवनमान केव्हा आणि कसे लाभेल याचा पंधरा वर्षांचा आराखडा त्या विभागाने १९६२ साली मांडला होता. रजनी कोठारी यांनी १९७०च्या दशकात जगाच्या पर्यायी भविष्यावर ग्रंथ लिहिला. मुंबईत डॉ. रश्मी मयूर यांनी शहरांच्या आणि पर्यावरणाच्या भवितव्याविषयी आयुष्यभर जागर केला. केरळ विद्यापीठात भविष्याभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. तेव्हा, वेल्स यांची तक्रार आता पूर्णांशाने खरी राहिलेली नाही.

आता पनवेलकडे वळू.

१८३० साली बोरघाटातील रस्ता खुला झाला. दख्खनचा माल बैलगाड्यांतून घाट उतरून पनवेलला यावा आणि येथून गलबतांतून मुंबईला जावा, असा क्रम बसला. या गावाचा उत्कर्ष त्या रस्त्याने केला. १८५२ साली येथे नगरपालिका आली. ही राज्यातील अगदी जुन्या नगरपालिकांपैकी एक होय. पुढे १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली. पण ती कल्याण-कर्जत मार्गाने गेली, पनवेलला वगळून. त्या वर्षी पनवेलच्या बंदरावर उभ्या असलेल्या एखाद्या अभ्यासकाला भवितव्य विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते? बैलगाडीचा काळ संपला, गाडीची चाके घडविणाऱ्या सुतारांनी दुसरा धंदा पाहावा, असेच सांगितले असते. वस्तुस्थिती अशी, की त्यानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून गाडीच्या चाकांचीच नोंद आहे. दख्खनहून येणारी प्रत्येक गाडी येथून चाकांची जोडी घेते, असे तेथे म्हटले आहे. नवे आले म्हणजे जुने त्याच दिवशी जाते, ही समजूत भविष्याविषयीच्या चुकांत सर्वाधिक आढळते. जुने जाते, पण आपल्याला वाटते त्या वाटेने नाही आणि त्या वेळी तर नाहीच नाही.

यापुढील शंभर वर्षे मी ओलांडतो, कारण आपल्या विषयाचे खरे प्रकरण १९६०च्या दशकात सुरू होते. मुंबई बेट उत्तर-दक्षिण लांबट आहे. कामाची ठिकाणे दक्षिण टोकाला आणि राहण्याची उत्तरेला, अशी रचना झाल्याने रोज सकाळी सारे शहर एका दिशेला आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेला धावत असे. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५०च्या दशकाच्या अखेरीसच ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे विस्तार करण्याची सूचना केली होती. १९६५ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात एक वेगळे चित्र मांडले. बेटावरची रेघ लांबवू नका, खाडीभोवती वर्तुळ पूर्ण करा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच सुमारास धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही मुंबईच्या वाढीला आवर घालून खाडीपलीकडे अनेक केंद्रांची वस्ती व्हावी अशा आशयाचा विचार पुढे आणला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पंचाण्णव गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी मुक्रर झाला. वीस लाख लोकांचे, अनेक केंद्रांचे शहर आराखड्यात रेखाटले गेले.

मी विद्यार्थ्यांना हा आराखडा नेहमी दोनदा वाचावयास सांगतो. पहिल्या वाचनात त्यातील धाडस दिसते. भारतात एवढ्या विस्ताराचा भविष्यवेध कागदावर आणि नंतर जमिनीवर उतरल्याची उदाहरणे मोजकीच आहेत. दुसऱ्या वाचनात गृहीतके दिसू लागतात. त्यांतले सर्वांत मोठे गृहीतक असे होते, की राज्य शासनाची मुख्य कार्यालये खाडी ओलांडून नव्या शहरात जातील आणि त्यांच्यामागोमाग व्यापारी कचेऱ्या जातील. घडले उलटे. मंत्रालय जागेवरच राहिले आणि त्याच दशकात त्याच्या शेजारी, समुद्र बुजवून, नरीमन पॉइंटच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. दुसरे गृहीतक रेल्वेचे. वाशीचा रस्ता-पूल १९७०च्या दशकाच्या प्रारंभीच झाला; उपनगरी गाडी मात्र वाशीला १९९२ साली आणि पनवेलला १९९८ साली पोहोचली. परिणाम जनगणनेत दिसतो. आज जेथे नवी मुंबई महानगरपालिका आहे त्या हद्दीत १९९१ साली सुमारे तीन लाख लोक होते. २०११ साली, म्हणजे शेवटच्या पूर्ण झालेल्या जनगणनेत, ही संख्या अकरा लाखांवर गेली. शहराचा दक्षिण भाग म्हणजे खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल हा यात धरलेला नाही. त्याची आणि जुन्या पनवेलची मिळून २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली.

म्हणजे अंदाज चुकला काय? होय आणि नाही. दिशा बरोबर निघाली. काळाचा अदमास चुकला. एका पिढीचा हा उशीर कागदावर किरकोळ दिसतो. परंतु ज्याने त्या आराखड्यावर विश्वास ठेवून १९७५ साली येथे घर घेतले आणि वीस वर्षे बसच्या रांगेत काढली, त्याच्या लेखी तो त्याच्या साऱ्या उमेदीचा काळ होता. काही गोष्टी आराखड्याच्या बाहेरून आल्या. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, शिवडीहून न्हावा-शेवापर्यंतचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, आणि उलवे येथील आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. १८६३ साली रेल्वेने वगळलेले पनवेल आज रस्ता, रेल्वे, बंदर आणि विमान या चारही वाटांच्या तिठ्याशी येऊन उभे आहे. या चार वाटांपैकी एकीचाही निर्णय पनवेलमध्ये झालेला नाही, हे मात्र माझ्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

या ठिकाणी माझी स्वतःची एक चूक आपणांस सांगितली पाहिजे. ती मी वर्गात प्रत्येक वर्षी सांगत असे.

१९७०च्या दशकात, विद्यार्थिदशेत असताना, एका पाहणीच्या निमित्ताने मी या तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावी आलो होतो. एस. टी. तून उतरून बांधावरून चालत जावे लागे. आमच्या हातात छापील प्रश्नावली होती आणि तिचा मसुदा तयार करण्यात माझा हात होता, म्हणून मी काहीसा तोऱ्यातही होतो. जमीन संपादित झाल्यावर आपण काय कराल, असा एक प्रश्न होता आणि पुढे रकाने होते : नोकरी, धंदा, दुसरीकडे शेती, इतर. प्रश्न कुटुंबप्रमुखाला विचारावयाचा होता. तिसऱ्या की चौथ्या घरी कुटुंबप्रमुख बाहेर गेले होते. ओसरीवर त्यांच्या पत्नी जाळे सांधत बसल्या होत्या. मी त्यांना प्रश्न वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, ‘पोरा, शेत धन्याच्या नावावर हाय. खाडी कुनाच्या नावावर लिवशील?’

मी ‘इतर’ या रकान्यात खूण केली आणि पुढच्या घरी गेलो.

त्या गावात, आणि अशा अनेक गावांत, भातशेती ही घरातील मिळकतीची एक बाजू होती. दुसरी बाजू खाडीची होती. मासळी, शिंपल्या, मिठागरावरची मजुरी यांवर घर चाले आणि त्यातले पुष्कळसे काम बायकांचे असे. सातबाराच्या उताऱ्यावर शेत होते, खाडी नव्हती. म्हणून भरपाईच्या हिशेबात शेत आले, खाडी आली नाही. आणि माझ्या प्रश्नावलीत तर अर्ध्या गावाचे भवितव्य ‘इतर’ या एका शब्दात मावले. आमचा अहवाल नेटका झाला. आकडेमोडीत एकही चूक नव्हती. पुष्कळ वर्षांनी मला उमगले, की त्या अहवालात चूक आकड्यांची नव्हतीच, ती रकान्यांची होती. भविष्याच्या अभ्यासात कोणती पद्धती वापरावी हा प्रश्न महत्त्वाचा आहे खरा. परंतु त्याआधी, कोणाचे भविष्य, हा प्रश्न विचारावा लागतो.

तो प्रश्न या भूमीने आम्हां अभ्यासकांची वाट न पाहता स्वतःच विचारला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्या लढ्याच्या पाठपुराव्यातून संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना १९९०च्या दशकात अंमलात आली. नुकसानभरपाई म्हणजे गेलेल्या जमिनीची किंमत, एवढाच अर्थ तोवर होता. शहर वाढल्यावर जे मूल्य निर्माण होईल त्यातही मूळ मालकाचा वाटा आहे, हा नवा अर्थ येथे रूढ झाला. भविष्यातील मूल्याची वाटणी कशी करावी, यावर जगातील विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात. त्यांतील पुष्कळ प्रबंधांपेक्षा ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द मला अधिक अभ्यसनीय वाटत आले आहेत.

आता पद्धतीविषयी थोडेसे. कारण ‘हे सारे घडून गेल्यावर शहाणपण सांगणे सोपे आहे’ असे आपल्या मनात आले असेल. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरेच. पण पुढच्यालाही ठेच कमी लागावी यासाठी काही करता येते काय? शेल या तेल कंपनीत १९७०च्या दशकाच्या आरंभी पिएर वाक नावाचे एक फ्रेंच नियोजनकार काम करीत होते. तेलाचा भाव अमुक होईल असे एकच भाकीत करण्याऐवजी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भवितव्याची अनेक चित्रे तयार केली आणि त्यांतील प्रत्येक खरे ठरल्यास आपण काय करू, याचा विचार वरिष्ठांना आधीच करावयास लावला. १९७३ साली तेलाचे संकट आले तेव्हा त्यांची कंपनी इतरांइतकी गोंधळली नाही. वाक यांना भारताविषयी ओढ होती आणि आपली पद्धत समजावून देताना ते गंगेचा दाखला देत. डोंगरात मोठा पाऊस झाला, की ऋषिकेशला, अलाहाबादला आणि काशीला किती दिवसांनी पूर येणार, हे सांगता येते. ते भाकीत नव्हे. जे घडून गेले आहे त्याचा तो न पोहोचलेला परिणाम होय. अशा अटळ गोष्टी आणि खरोखर अनिश्चित गोष्टी वेगळ्या काढणे, हे या विद्येचे पहिले काम.

पनवेलच्या विद्यार्थ्याला गंगेपर्यंत जाण्याचे कारण नाही. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी पुरेशी आहे. पनवेलच्या खाडीला भरती कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती उंचीची येईल, हे पुढील अनेक वर्षांसाठी आज गणिताने सांगता येते. माथेरानला कोणत्या दिवशी किती पाऊस कोसळेल, हे वर्षभर आधी कोणालाही सांगता येत नाही. या दोहोंची गाठ पडली, की नदीच्या पाण्याला समुद्राकडे जाण्यास वाट उरत नाही. नवी मुंबईच्या आखणीत म्हणूनच धारण तलाव ठेवण्यात आले. भरती असेपर्यंत पावसाचे पाणी तेथे थोपवून धरायचे आणि ओहोटी लागली की झडपा उघडून सोडायचे, अशी त्यांची व्यवस्था आहे. यात कोणीही पावसाचे भविष्य वर्तविलेले नाही. पाऊस केव्हा येईल हे ठाऊक नाही, एवढे मान्य करून त्याच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. दूरदृष्टीचा याहून चांगला नमुना मी वर्गात दाखवू शकलेलो नाही. अर्थात ही जागा राखण्याचे काम एकदा करून संपत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी रायगड जिल्ह्याचीही मोठी हानी झाली. भराव पडतात, गाळ साचतो, समुद्राची पातळी हळूहळू चढते आहे. जुन्या हिशेबावर नवी वस्ती उभी राहते. पन्नास वर्षांपूर्वीची दूरदृष्टी आजची दूरदृष्टी म्हणून वापरता येत नाही.

या व्यवसायात उतरणाऱ्याला कोणते धैर्य लागते, हे सांगण्यासाठी मी डॉ. वसंत गोवारीकर यांचे नाव घेईन. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मान्सूनच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रतिमान तयार झाले आणि १९८८ पासून ते वापरात आले. अनेक वर्षे त्याने चांगली साथ दिली. २००२ साली पाऊस सरासरीइतका होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात तो शेकडा १९ने कमी पडला आणि देशाला दुष्काळाला तोंड द्यावे लागले. पुढच्या वर्षी हवामान खात्याने नवी पद्धत स्वीकारली. हेच गोवारीकर १९९०च्या दशकाच्या आरंभी, लोकसंख्येचा स्फोट होणार असे सारे म्हणत असताना, वाढीचा वेग मंदावू लागला आहे असे आग्रहाने मांडत होते. त्या वेळी ते पुष्कळांना पटले नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर २.० पर्यंत खाली आल्याचे दिसले. एकाच अभ्यासकाचा एक अंदाज एका वर्षी फसला आणि दुसरा तीस वर्षांनी खरा ठरला. दोन्ही वेळा त्यांनी ते जाहीरपणे, आकड्यांसह मांडले होते. म्हणूनच आपल्याला आज ते ताडून पाहता येते. ‘येणारा काळ आव्हानात्मक असेल’ असे म्हणणारा कधीच चुकत नाही आणि त्याचा कोणाला उपयोगही होत नाही.

आपल्यापैकी कोणाला हा मार्ग धरावासा वाटला, तर व्यावहारिक माहिती थोडक्यात देतो. या विषयात एकदम, पुढच्या दाराने प्रवेश क्वचितच मिळतो. माझे बहुतेक सहकारी अर्थशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र, नगररचना किंवा समाजशास्त्र या दारांनी आत आले. मुंबईत देवनार येथे लोकसंख्याविषयक अध्ययनाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहेत. फलकावर ‘भविष्य’ हा शब्द नसला तरी तेथील पुष्कळसे काम याच स्वरूपाचे असते. तंत्रविज्ञानाच्या दीर्घकालीन वेधाचे काम दिल्लीतील टायफॅक ही शासकीय संस्था १९८८ पासून करीत आली आहे. ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’ हा डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्प तिचाच. बँका, विमा कंपन्या, बंदरे आणि मोठे उद्योगही आता असे अभ्यासक ठेवतात आणि त्याला ‘धोरणात्मक दूरदृष्टी’ असे भारदस्त नाव देतात. तेथे वेतन बरे असते. विद्यापीठात ते तितके नसते. परंतु आपला अंदाज कोणाला रुचेल याची चिंता न करता तो लिहिण्याची मोकळीक असते. मी दुसरी बाजू निवडली. महिनाअखेरीस कधी कधी तिचा पश्चात्तापही झाला.

एक सावधगिरीची सूचना मात्र द्यावीशी वाटते. आपण केलेले भाकीत आपण ज्याचा अभ्यास करतो त्यालाच बदलून टाकते. पावसाचा अंदाज वर्तविल्याने पाऊस बदलत नाही. पण विमानतळ होणार असे म्हटल्याबरोबर जमिनीचा भाव बदलतो. २०१३ साली विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी २७० गावांचा प्रदेश अधिसूचित झाला, तेव्हा विमान उडण्यास बारा वर्षे अवकाश होता. शेताच्या बांधावरची बोलणी मात्र त्याच दिवशी बदलली. ज्याला बातमी आधी कळते तो आधी खरेदी करतो आणि ज्याला शेवटी कळते तो आधीच विकून बसलेला असतो. म्हणून भविष्याचा अभ्यास मूठभरांच्या कपाटात राहू नये, तो ग्रामसभेत, शाळेत, मराठीत वाचला जावा, असा माझा आग्रह राहिला आहे.

वेळ संपत आली. प्राचार्यांच्या अनुमतीने मी एक उपक्रम योजला आहे. आपणां प्रत्येकाला एक कोरा कागद आणि एक पाकीट मिळेल. २०३५ सालच्या पनवेलविषयी तीन विधाने लिहा. विधान असे असावे, की ते खरे ठरले की खोटे याविषयी वाद उरू नये. गाढी नदीवर, शाळांच्या पटावर, पाण्याच्या नळावर, घरभाड्यावर, खाडीतल्या मासळीवर, आपल्याला जे जवळचे वाटेल त्यावर लिहा. प्रत्येक विधानाखाली ते आपणांस का वाटते, ते दोन ओळींत लिहा. आणि त्याखाली, ते खरे ठरल्यास कोणाचा लाभ होईल आणि कोणाची हानी, तेही लिहा. तेथे मी रकाने आखलेले नाहीत. पाकिटे बंद करून ग्रंथपालांकडे द्यावयाची आहेत. ती २०३५ सालच्या जानेवारीत याच सभागृहात उघडली जातील. त्या वेळी मी असेन की नाही, हे सांगण्याचे धाडस करीत नाही. पण माझे पाकीट मी सकाळीच लिहून आणले आहे, ते आता ग्रंथपालांच्या स्वाधीन करतो. पाकिटावर नावाबरोबर आजची तारीख घालावयास कृपया विसरू नका.